डॉक्टर पडद्यावर, पण उशाशी कोण?

(जागतिक परिचारिका दिनाच्या निमित्ताने कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



शिवाजी पेठेत बोलायला उभे राहायचे म्हणजे वक्त्याने शब्द जपून वापरावेत, असा शिरस्ता आहे. तालमीच्या मातीत वाढलेल्या या वस्तीत माणसाची पारख त्याच्या भाषणावरून होत नाही. महापुरात कोण पाण्यात उतरला, यावरून होते. म्हणून आजचा विषय मी असा निवडला आहे, की ज्याचा अनुभव येथे बसलेल्या बहुतेक घरांनी घेतला आहे किंवा पुढेमागे घेणार आहे. घरी होणारी रुग्णसेवा, दुरून मिळणारा वैद्यकीय सल्ला आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली परिचारिका, हा तो विषय.

आपल्या पेठेतील घरे बदलली, हे वेगळे सांगायला नको. ज्या वाड्यात एकेकाळी वीस माणसांची पंगत बसत असे, तेथे आता वरच्या मजल्यावर दोन वृद्ध राहतात. मुलगा पुण्याला वा बंगळुरूला, मुलगी सातासमुद्रापार. एखाद्या सकाळी वडिलांना पक्षाघात होतो. रुग्णालयात आठ-दहा दिवस उपचार होतात आणि मग हातात कागद पडतो. त्यावर औषधांच्या यादीखाली एक ओळ असते : घरी योग्य ती काळजी घ्यावी. या एका ओळीने सबंध रुग्णालय आपल्या माजघरात येऊन उभे राहते. नाकातली नळी, लघवीची पिशवी, दर दोन तासांनी कूस बदलणे, इन्शुलीनची सुई, सारे काही. डॉक्टर सांगतात, काही वाटले तर व्हिडिओ कॉल करा. सोय चांगली आहे. परंतु तो फोन हातात धरणारी व्यक्ती कोण आणि तिला काय येते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

मी वैद्य नाही आणि परिचारकही नाही. मात्र बातमीदारीच्या निमित्ताने सरकारी रुग्णालये, खाजगी दवाखाने, उपकेंद्रे आणि पूरग्रस्तांच्या छावण्या यांतून हिंडताना अनेक परिचारिकांशी बोलण्याचा योग आला. त्यांचे म्हणणे वर्तमानपत्रात क्वचितच येते. डॉक्टरांची मुलाखत होते, मंत्र्यांचे निवेदन छापले जाते, सिस्टरचे मात्र छायाचित्र तेवढे १२ मे रोजी प्रसिद्ध होते. आज त्यांचे म्हणणे आपल्यापुढे मांडावे, एवढाच माझा अधिकार.

चिकित्सेचा एक स्वतंत्र पाद

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ उभा राहून त्याची शुश्रूषा करणारा. चरकाने प्राधान्य वैद्याला दिले, हे खरे. परंतु उपस्थात्याला त्याने वैद्याच्या पदरी बांधले नाही. त्याला स्वतंत्र स्थान दिले आणि त्याचे चार गुण सांगितले. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. म्हणजे शुश्रूषेचे ज्ञान, हाताचे कौशल्य, रुग्णाविषयीची माया आणि स्वच्छता. आज परिचारिका जे सांगतात, ते या चार शब्दांच्या कसोटीवर घासून पाहिले, तर आश्चर्य वाटावे इतके जुळते.

ज्ञान तारेवरून येते, हात येत नाही

पहिला गुण उपचारज्ञता. दूरस्थ सेवेचे खरे सामर्थ्य येथे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. चंदगडच्या एखाद्या वाडीतील रुग्णाला तज्ज्ञाचा सल्ला हवा असेल, तर कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर. गगनबावड्याहून यायचे तरी पन्नासहून अधिक किलोमीटर. गाडीभाडे, बरोबर येणाऱ्याचा बुडालेला रोज, दिवसभराची ओढाताण. केवळ अहवाल दाखवायला हा खटाटोप कशासाठी? केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ई-संजीवनी सेवा सुरू केली. तिच्याद्वारे आरोग्य उपकेंद्रातून मोठ्या केंद्रातील डॉक्टरांशी बोलता येते. कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० पासून, रुग्णाला घरबसल्या सल्ला घेण्याची सोयही तिच्यात आली. त्याआधी २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली होती. कोरोनाच्या काळात घराघरांत ऑक्सिमीटर पोहोचले आणि घर हेही उपचाराचे स्थान होऊ शकते, हे समाजाला पटले.

परंतु दुसरा गुण दाक्ष्य, आणि परिचारिकांची खरी तक्रार येथून सुरू होते. त्या सांगतात, की पडद्यावर आकडा दिसतो. तो कसा मिळाला, हे दिसत नाही. रक्तदाबाचा पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधला, रुग्ण पाय लोंबकळत ठेवून बसला, मोजताना बोलत राहिला, तर आकडा चुकतो. बोटे गार पडली असतील किंवा नखांना गडद रंग असेल, तर ऑक्सिमीटर फसवतो. आणि चुकीच्या आकड्यावर दिलेला सल्ला कितीही मोठ्या तज्ज्ञाचा असला, तरी तो चुकीचाच. शय्याव्रण, ज्याला आपण बेडसोअर म्हणतो, ते पडद्यावर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. जाणती परिचारिका टाचेवरून आणि माकडहाडावरून हात फिरवते. कातडी गरम लागते, दाबल्यावर लाली हटत नाही, तेव्हाच ती ओळखते. लघवीची पिशवी रुग्णाच्या कमरेच्या खालीच टांगली पाहिजे, नाकातल्या नळीने अन्न देताना डोके उंच ठेवले पाहिजे आणि त्यानंतरही काही वेळ तसेच राहू दिले पाहिजे, या गोष्टी सांगायला सोप्या आहेत. पण त्या हाताला वळण लागेपर्यंत कोणीतरी शेजारी उभे राहून करवून घ्याव्या लागतात.

मार्गदर्शक तत्त्वांमध्ये परिचारिकेचा उल्लेख आहे. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील दुवा म्हणून आहे. रचनेचा केंद्रबिंदू मात्र डॉक्टरच आहे. परिचारिका म्हणतात, आम्ही केवळ फोन धरणाऱ्या नाही. रुग्णाला प्रत्यक्ष पाहणारे डोळे आमचे आहेत, तर आमच्या निरीक्षणालाही त्या व्यवस्थेत वजन असले पाहिजे. ही मागणी मला रास्त वाटते.

गडचिरोलीने दिलेला पुरावा

कोणी म्हणेल, घरी जाऊन शुश्रूषा करण्याने खरोखर जीव वाचतात काय? याचे उत्तर महाराष्ट्राने जगाला दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना शिकवले आणि त्यांना आरोग्यदूत हे सुंदर नाव दिले. नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यावर उपचार करणे, ही कामे त्या घरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने हीच कल्पना देशभर स्वीकारली. आज बाळंतीण रुग्णालयातून घरी आली, की आशा कार्यकर्ती ठरलेल्या दिवशी सहा वेळा तिच्या दाराशी येते, ती या प्रयोगाची फलश्रुती होय.

या प्रयोगातील यश यंत्राचे नव्हते. एक तराजू, एक घड्याळ, उबदार कपडा आणि शिकवलेला हात एवढीच सामग्री होती. त्याच्या पाठीशी देखरेख होती आणि चूक दुरुस्त करणारा जाणकार होता. आज आपल्या हाती मोबाइल आहे. तो त्या देखरेखीचे काम उत्तम करील. मात्र शिकवलेल्या हाताची जागा तो घेऊ शकणार नाही.

दुसरे उदाहरण केरळचे. तेथील राजकारणाशी आपले मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु चांगले काम जेथे दिसेल तेथून घ्यावे, ही आपली रीत आहे. मलबार भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीस असाध्य रोगांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून सेवा उभी केली. २००८ मध्ये त्या राज्याने त्याविषयीचे धोरण जाहीर केले. परिचारिका घरोघर फिरते, तिच्याबरोबर गावचे स्वयंसेवक असतात आणि स्थानिक पंचायत त्याचा भार उचलते. डॉक्टर लागेल तेव्हा येतो. समाज उभा राहिला, तर परिचारिकेच्या दोन हातांचे वीस हात होतात, हे त्या कामाने दाखवले.

शौच : घराबाहेर टाकलेले घरी परत येते

आता चौथ्या गुणाकडे वळतो. स्वच्छतेचा अर्थ आज आपल्याला अधिक व्यापक घ्यावा लागेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई, ज्यांच्या जन्मदिनी आपण परिचारिका दिन पाळतो, त्या भारतात कधी आल्या नाहीत. पण भारतातील सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांविषयी त्यांनी अनेक वर्षे लिहिले. शुश्रूषा ही खाटेपाशी थांबत नाही, गटारापर्यंत जाते, हे त्या परकीय विदुषीला उमगले होते. सृष्टीला माता मानणाऱ्या आपल्याला ते अधिक उमगायला हवे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूंपैकी सुमारे ४.४ टक्के वायू आरोग्यसेवेमुळे निर्माण होतात. रोग बरा करणारी व्यवस्था रोगाचे नवे कारण व्हावी, हा केवढा विरोधाभास! त्याचा हिशेब कोल्हापूरकराला वेगळा समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन महापूर आपण पाहिले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. महामार्ग बंद, वीज बंद, पिण्याचे पाणी बंद. अशा वेळी ज्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागते, त्याने काय करावे? ज्याचा ऑक्सिजनचा यंत्रसंच विजेवर चालतो, त्याने काय करावे?

परिचारिकांचे म्हणणे असे, की घरच्या सेवेने प्रवास वाचतो, खाट वाचते, पैसा वाचतो; पण कचऱ्याचा विचार केला नाही, तर रुग्णालयातील घाण आपण घरोघर वाटून टाकू. रुग्णालयात २०१६ च्या नियमांनुसार व्यवस्था असते. मळलेल्या पट्ट्यांसाठी पिवळी पिशवी, नळ्यांसाठी तांबडी, सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा, काचेसाठी निळा. घरात काय असते? वापरलेली सुई घंटागाडीच्या कचऱ्यात जाते आणि कचरा वेचणाऱ्या भगिनीच्या हाताला टोचते. हे पाप आहे, आणि ते टाळायला खर्च शून्य आहे. जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्यावी, सुया तिच्यात टाकाव्यात, झाकण घट्ट लावावे आणि भरली की दवाखान्यात नेऊन द्यावी.

कचरा कमी करण्यातही परिचारिकाच पुढे आहेत. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयात २०१८ मध्ये परिचारिकांच्या पुढाकाराने एक मोहीम निघाली. जेथे हातमोजे लागतच नाहीत तेथे ते घालायचे नाहीत, हात स्वच्छ धुवायचे, एवढेच. पहिल्याच वर्षी २१ टन प्लॅस्टिक वाचले. हात धुणे हा काही आपल्याला नवा संस्कार नव्हे. विसरलेला संस्कार आहे. तीच गोष्ट मातीच्या मडक्याची. वीज गेली, शीतकपाट बंद पडले, तर इन्शुलीनची कुपी पिशवीत बांधून ओल्या मडक्याच्या गारव्यात ठेवता येते, हे खेड्यातील नर्सबाई आजही सांगतात.

अनुरागाचे मोल

तिसरा गुण मी मुद्दाम शेवटी ठेवला. अनुराग, म्हणजे माया. येथे मला थोडे कटू बोलावे लागेल आणि ते आपल्याच माणसांत बोलावे, म्हणून बोलतो.

घरी सेवा होते असे आपण म्हणतो, तेव्हा ती करते कोण? बहुधा सून, मुलगी किंवा साठी उलटलेली पत्नी. रुग्णालयातील खर्च वाचला, असा हिशेब जो मांडतो, तो तिच्या मोडलेल्या झोपेचा हिशेब मांडत नाही. घरी नेलेली सेवा स्वस्त दिसते, कारण तिचा मोठा भाग एक स्त्री मुकाट्याने फुकट करत असते. परिचारिका हे रोज पाहतात. त्या सांगतात, आम्ही रुग्ण तपासायला जातो आणि पाहतो तर दुसरा रुग्ण स्वयंपाकघरात तयार होत असतो. एका माणसाला झिजवून दुसऱ्याला जगवणारी व्यवस्था फार काळ टिकत नाही. टिकाऊपणाची चर्चा करताना झाडे आणि वायू यांच्याबरोबर या बाईचाही विचार करावा लागेल.

आणि परिचारिकेचे काय? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २० हजार रुपये द्यावेत, असे सुचवले. पण तो विचार रुग्णालयांपुरता होता. घरोघर जाणारी परिचारिका आणि ब्युरोमार्फत बारा-बारा तास बसणारी मावशी या चौकटीबाहेरच राहिल्या. त्यांना रजा नाही, विमा नाही, अनोळखी घरात रात्र काढताना सुरक्षेची हमी नाही. जेवणाचे ताट वेगळे ठेवणारी घरे अजून आहेत, हे ऐकले तेव्हा मान खाली गेली. समरसतेच्या गोष्टी आपण बोलतो. ज्या हातांनी आपल्या आईला आंघोळ घातली, त्या हातांना वेगळा कप देणे कोणत्या समरसतेत बसते?

‘सेवा’ हा आपला लाडका शब्द आहे. त्यासाठी आयुष्य वाहिलेली माणसे आपल्या परंपरेत आहेत. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. १८९९ मध्ये कोलकात्याच्या प्लेगमध्ये भगिनी निवेदिता रस्त्यावर उतरल्या. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातील सेवासदनाने, जे १९०९ मध्ये सुरू झाले, परिचर्या हा व्यवसाय हिंदू स्त्रियांसाठी अप्रतिष्ठेचा मानला जात होता त्या काळात मुलींना आणि विधवांना परिचारिका होण्यास प्रवृत्त केले. आपल्या शेजारी मिरजेला १८९४ पासून मिशनऱ्यांनी रुग्णालय चालवले. त्यांच्या हेतूंविषयी आपले आक्षेप आहेत. परंतु आपला समाज या कामाला नाक मुरडत होता तेव्हा ते काम त्यांनी केले, हेही प्रांजळपणे मान्य करावे. सेवाव्रत स्वतः घ्यायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते. स्वतःच्या घरी कामाला ठेवलेल्या परिचारिकेला ‘तुमचे काम म्हणजे पुण्याचे’ असे म्हणून पगारात घासाघीस करणे, हा त्या शब्दाचा अपमान होय. २०२० च्या जागतिक अहवालाने जगात ५९ लाख परिचारिकांची उणीव असल्याचे सांगितले. परदेशांत त्यांना बोलावणे आहे आणि आपल्या मुली जात आहेत. त्यांना राष्ट्रकार्याचा उपदेश करण्यापूर्वी आपण त्यांना काय देतो, ते पाहावे.

पेठेपुरता संकल्प

मग करावे काय? शासनाने करायचे ते शासनाला सांगूच. आपल्या हाती असलेल्या चार गोष्टी मी सुचवतो.

पहिली, रुग्णोपयोगी साहित्य. संघाच्या जनकल्याण समितीने महाराष्ट्रात अशी केंद्रे अनेक ठिकाणी चालवली आहेत. खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, एअर बेड, कमोड खुर्ची या वस्तू काही महिने लागतात आणि मग माळ्यावर धूळ खातात. त्या एका घरातून दुसऱ्या घरी गेल्या, तर पैसा वाचतो आणि पृथ्वीवरचा भारही हलका होतो. पेठेतील प्रत्येक तालमीने आणि तरुण मंडळाने एक खोली या कामाला द्यावी.

दुसरी, प्रशिक्षण. निवृत्त परिचारिका प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना सन्मानाने बोलवावे, मानधन द्यावे आणि प्रत्येक घरातील दोघांना, त्यांपैकी एक पुरुष असलाच पाहिजे, शुश्रूषेचे मूलभूत शिक्षण द्यावे. कूस कशी बदलावी, रक्तदाब कसा मोजावा, कोणती लक्षणे दिसताच फोन न करता थेट रुग्णालय गाठावे. बाराशे जोर काढणाऱ्या पठ्ठ्याला वडिलांना खाटेवरून उठवताना त्यांच्या खांद्याला इजा न होऊ देण्याचे तंत्र आलेच पाहिजे.

तिसरी, विसावा. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळले आहे, तेथे आठवड्यातून एक दुपार शाखेच्या किंवा भगिनी मंडळाच्या कोणीतरी जाऊन बसावे. त्या सुनेला तीन तास रंकाळ्यावर फिरून येऊ द्यावे, नाहीतर नुसते झोपू द्यावे.

चौथी गोष्ट मात्र उद्यापासूनच करावी लागेल, कारण मे महिना अर्धा होत आला आणि पाऊस दाराशी आहे. गल्लीगल्लीची यादी करा. अंथरुणाला खिळलेला कोण, ऑक्सिजनच्या यंत्रावर कोण, इन्शुलीन कोणाला, डायलिसिस कोणाला, सातवा-आठवा महिना कोणाला. प्रत्येक नावापुढे त्याच्याजवळ राहणाऱ्या परिचारिकेचे आणि दोन तरुणांचे नाव लिहा. कोणाला कोठे हलवायचे, हे पाणी चढण्याआधी ठरलेले असू द्या. यादी करताना प्रत्येक घरी एक प्रश्न विचारायला विसरू नका : डॉक्टरांचा फोन लागला नाही, तर उशाशी कोण आहे?

ज्या घरातून उत्तर येणार नाही, त्या घराचे उत्तर आपण व्हायचे आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

वंदे मातरम्!